आज चूल पेटायची न्हाय

चाची गेल्याचा फोन आला तेव्हा कुकरची पहिली शिट्टीही झाली नव्हती. मी गॅस बंद केला आणि ह्यांना सांगितलं, "आज आपल्यात चूल पेटायची न्हाय." ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कुकरकडं. "अगं, पण त्या आपल्या कोण? भावकीतल्या न्हाईत, पाहुण्यातल्या न्हाईत. तुझ्या कॉलेजातल्या घरमालकीण!" म्हटलं, "बाहेरून खाऊन या न्हायतर उपाशी बसा, पण गॅसला हात लावायचा नाही." माझा आवाज एकदा चढला की आमच्या घरात कुणी नादी लागत नाही. हे गुपचूप चपला घालून बाहेर पडले आणि मी ओट्याला टेकून हमसून हमसून रडले.

माणसं देवाकडं काय काय मागतात. बंगला मागतात, नोकरी मागतात, पोराला परदेश मागतात. चाचींचं मागणं एवढंसं होतं. त्यांच्या घरात चूल पेटणार नाही असा एक दिवस त्यांना हवा होता. एकच. तेवढ्यासाठी त्यांनी आमच्याकडून ढीगभर प्रेमकादंबऱ्या वाचून घेतल्या, आणि त्यातली कितीतरी कोवळी पोरं-पोरी आमच्या डोळ्यांदेखत मेली.

धाराशिवात बसस्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून एक बोळ आहे. त्या बोळात त्यांचं घर. खाली चाची आणि चाचा, वर पत्र्याची एक लांबडी खोली, तिच्यात आम्ही तिघी भाड्यानं. मी येरमाळ्याची, दुसरी सोनारीची, तिसरी तामलवाडीची. चाचींनी आमची नावं कधी घेतली नाहीत. "ये येरमाळा, खाली ये", "तामलवाडी, नळ आलाय बघ" असं चालायचं. एकदा सोनारीवालीनं लाडात येऊन विचारलं, "चाची, आमाला नाव न्हाय व्हय?" तर म्हणाल्या, "जित्या माणसाला नावाची काय गरज हाय गे? हाक मारली की येतंय पळत. नाव मेलेल्याचं घ्यावं लागतंय."

सोनारीवालीनं त्या दिवशी जेवण अर्ध्यावर टाकलं. चाचींचं बोलणं हे असं. ऐन हसत्या-खेळत्या गप्पांत एखादं वाक्य असं टाकायच्या की पुढं कुणाला काही सुचू नये. आणि स्वतः मात्र सुईत दोरा ओवत बसायच्या.

त्या साड्यांना पिको-फॉल करायच्या. मधल्या खोलीत बोळाकडच्या खिडकीला लागून त्यांचं मशीन. पुढच्या बैठकीत चाचांचा पलंग आणि टीव्ही, मध्ये एक छापील पडदा. चाचांचं पूर्वी हायवेला टायर-पंक्चरचं दुकान होतं. गुडघे गेले तसं ते भाच्याला दिलं आणि पलंग धरला. माणूस तापट होता असं बोळातले सांगायचे. आम्ही बघितला तो नुसता गप्प. आमच्याशी त्यांचं एकच बोलणं, "मोटर बंद करा." मोटर चालू असो वा नसो.

कादंबऱ्यांचा नाद आधी माझा. बॉटनीच्या पुस्तकाखाली धरून वाचायची मी. आता तुम्हाला ठाऊक असतील त्या कादंबऱ्या. कव्हरवर एक पोरगा आणि एक पोरगी, दोघं पाठमोरी. ती का पाठमोरी असतात कुणास ठाऊक, चित्रकाराला तोंडं काढायला जमत नसावीत. अर्ध्या पुस्तकापर्यंत कॉफी, भांडण, मेसेज, रुसवा. मग एखाद्याला चक्कर येते आणि आपण पुढची पानं भराभरा उलटतो. अशीच एक वाचून संपवली आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडत होते. चाची तांदूळ निवडत होत्या. ताट घेऊनच आल्या.

"काय झालं गे? घरनं फोन आला का?"

"न्हाय चाची. पुस्तकात... ती मेली."

दुसरं कुणी असतं तर खो-खो हसलं असतं. माझी आई असती तर पुस्तकच चुलीत घातलं असतं. चाचींनी ताट खाली ठेवलं. "ती म्हंजे कोण? नाव घे की."

"सायली."

"कशानं गेली?"

"रक्ताचा कॅन्सर."

"लगीन झालं होतं?"

"ठरलं होतं."

"आन आय? हाय का आय तिला?"

मी आठवून बघितलं. त्या सायलीची आई पुस्तकात कुठंतरी चहा घेऊन येते आणि परत जाते, पुढं तिचं काही येतच नाही. तसं सांगितलं. चाची "या अल्ला" म्हणाल्या आणि ताट उचलून निघून गेल्या. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. चाची दम खात वर आल्या, हातात मोठं पातेलं, वर पंचा झाकलेला. आत गरम बगारा खाना आणि वाडग्यात दालचा. तूप घालून परतलेला मसाल्याचा भात, आणि दुधी-वांगं घालून केलेली चिंचेची आंबट डाळ. दालचा बिनमटणाचा, मला चालावा म्हणून. तामलवाडीवाली तेवढ्यात इंडक्शनवर मॅगी टाकत होती. चाचींनी सरळ बटण बंद केलं.

"आज तुमच्यात चूल पेटायची न्हाय. मयत झाली न्हवं?"

मयतीच्या घरात चूल पेटत नाही, शेजारच्यांनी करून आणायचं, ही रीत त्यांच्यातही आणि आमच्यातही. आमच्या येरमाळ्याकडं त्या जेवणाला कडू घास म्हणतात. पण कागदावरच्या पोरीसाठी कडू घास? सोनारीवाली तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मी कसंबसं म्हटलं, "चाची, ही गोष्ट आहे. खरी कोण मेली न्हाय."

"तेवढं कळतंय मला," चाची म्हणाल्या. "मी काय येडी न्हाय. मयताची फातिहा थोडीच द्यायलेय तिच्या नावानं. पण पोरगी गेली, तिच्या घरच्यांना कुणीतरी खायला द्यायला पायजे का नको? आन पुस्तकातल्या माणसांना शेजारी कोण असतंय? वाचणारंच की. इतके दिवस त्यांच्या घरात डोकावलीस, जेवायचं म्हटलं की मागं सरायलीस व्हय?"

आम्ही जेवलो. मेसच्या पाणीदार आमटीवर दिवस काढणाऱ्या पोरी आम्ही, पातेलं चाटूनपुसून खाल्लं. सायलीच्या आत्म्याला शांती लाभो, असं तामलवाडीवाली ढेकर देऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. "येरमाळा, उद्यापास्नं मला वाचून दाखवायचं." चाचींना उर्दू वाचता यायचं, मराठी अक्षर लागायचं नाही. मग रोज दुपारी कॉलेजवरून आले की मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून वाचायची आणि चाची मशीन चालवायच्या. फार कडक श्रोता. नायक-नायिकेची भेट, पाऊस, बागेतला बाक, ह्यांच्यावर मशीन धडाधड चालायचं. नायिकेला नुसता खोकला आला की मशीन बंद. "झालं. आता ही जगत न्हाय," म्हणायच्या. आणि खरंच जगायची नाही. "डॉक्टरला आधी दाखवायचं न्हाय का गे? पोरगं कविता काय करत बसलंय उशाला? रिक्षा आण की भाड्या!"

आणि प्रत्येक पुस्तकात एक प्रश्न ठरलेला. "हिच्या आयला कुणी कळवलं का?"

मोबाइलवरच्या गोष्टी त्यांना चालायच्या नाहीत. एकदा ऐन मरणाच्या वेळी माझा फोन बंद पडला आणि लाइटही गेलेली. चाची संध्याकाळपर्यंत तगमगत होत्या. "ह्यात नको वाचूस गे. बॅटरी संपली की माणूस अर्धंच मरतंय."

कडू घासाच्या पातेल्याची आम्हाला चटक लागली, हे काही खोटं नाही. बसस्टँडजवळ जुन्या पुस्तकांचा एक गाडा असायचा. तामलवाडीवाली तिथं जाऊन कादंबरीचं शेवटचं पान आधी बघायची. गाडेवाला विचारायचा, "ताई, लव्हस्टोरी पायजे का?" ती म्हणायची, "लव्हस्टोरी पायजे, पण मरणारी हाय का? जगणारी नको." तो बिचारा दोन पावलं मागं सरायचा.

एकदा तिनं घाईत बघितलं नाही आणि भलतीच आणली. शेवटी कुणी मरेचना. नायक नोकरीला म्हणून पुण्याला गेला आणि नायिका स्टँडवर हात हलवत राहिली, खलास. वर आम्ही दोघी ताटं मांडून बसलेल्या. तामलवाडीवाली खाली जाऊन वकिली करायला लागली. "चाची, प्रेम मेलं की. ते मरणासारखंच हाय."

"पुण्याला गेला म्हंजे मेला व्हय गे?" चाची मशीनवरून मानही वर न करता म्हणाल्या. "निम्मं धाराशिव पुण्यात हाय, सगळ्यांना दालचा घालू का? आन प्रेमाचं काय सांगतीस. प्रेमाला आय-बाप असतात का? जेवण न्यायचं म्हटलं तर कुणाच्या दारात न्यायचं?"

त्या दिवशी आम्ही मॅगी खाल्ली.

हे सगळं आम्हाला गंमतीचं वाटायचं. किती दिवस गंमतीचं वाटलं, ह्याची आता लाज वाटते खरी, पण त्या वयात दुसऱ्याच्या घरातलं काय दिसतं? एक मात्र माझ्या हळूहळू ध्यानात आलं. मी वाचायला बसले की बैठकीतल्या टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. आधी थोडा, मग पुरताच. पडद्याच्या खालून चाचांचे पाय दिसायचे, पलंगावरून खाली सोडलेले. पुस्तकातली नायिका मरायला टेकली की ते पाय हलायचे थांबायचे. वाचन संपलं की बातम्या परत सुरू, मोठ्यानं. मी चाचींकडं बघून भुवया उडवल्या तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या मुलीचं मला समोरच्या मावशींकडून कळलं. मावशी म्हणजे बोळात समोर राहणाऱ्या. रानातली म्हैस आणि शहरातलं घर दोन्ही सांभाळणाऱ्या, दूध घालणाऱ्या. मी दूध आणायला गेले होते, हातात नवं पुस्तक. त्यांनी कव्हर बघितलं आणि म्हणाल्या, "अगदी असलीच पुस्तकं वाचायची बघ ती."

"कोण?"

मावशींनी आधी बोळात दोन्हीकडं बघितलं. मग मापानं दूध घालता घालता सांगितलं. चाचींना एकच मुलगी. बारावीला असताना तिचं एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरावर मन बसलं. पोरगा त्यांच्यातलाच, कष्टाळू, नाव ठेवायला जागा नाही. पण बापाला न विचारता ठरवलं, हाच गुन्हा. चाचांनी तिचं कॉलेज बंद केलं. एके दिवशी ती सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेली आणि तिथं निकाह लावला. चाचांनी बोळात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्यासाठी ती मेली." त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद. फोटो काढून टाकले. नाव चाचींनीही घ्यायचं नाही, फोन करायचा नाही, जायचं नाही.

"आन मग?"

"मग मेलीच की खरी," मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कावीळ झाली आन आठ-पंधरा दिसांत गेली. सोलापुरास्नं फोन आला तो चाचाच्या फोनवर. मी आपली कळल्या कळल्या पिठलं-भात केला, पातेलं घेऊन त्यांच्या दारात गेले. तर हा माणूस दारातच आडवा उभा. म्हणतोय कसा, वहिनी, आमच्यात कोण मेलं न्हाय. पातेलं वापस न्यावं लागलं गं मला. आजतागायत त्या गोष्टीचा वळ हाय इथं," आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

मी दूध घेऊन आले. मधल्या खोलीत मशीन चालू होतं. मी चाचींसमोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं, दुधाच्या भांड्याकडं बघितलं, समोरच्या घराकडं बघितलं. सगळं ओळखलं.

"चल वर," म्हणाल्या.

गच्चीत त्यांनी ज्वारीच्या खारोड्या, सांडग्यांसारख्या, वाळत घातल्या होत्या. त्या उलट्या करता करता बोलल्या. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

"फोन आला तवा मी पीठ मळत होते. ह्यांनी ऐकून घेतलं, 'अच्छा' म्हटलं आन फोन खिशात ठेवला. मग मला म्हटले, सोलापूरची गेली. इतकंच. माझे हात पिठात तसंच. मी खाली बसायला लागले तर म्हटले, बसतीस काय्कू? भाकरी टाक. भूक लागली." चाचींनी एक खारोडी उचलली, परत ठेवली. "टाकली गे मी भाकरी. माझी पोरगी तिकडं मातीत जायलती आन माझ्या घरात चूल पेटली. माझ्या हातानं पेटवली. समोरून मावशी पातेलं घेऊन आली तेबी वापस. तवा गॅस न्हवता, बोळातल्या बायका वाकून बघायलत्या, धूर निघायलाय का. धूर निघायलता. दुसरं काय काय झालं ते सोसलं मी. जायला मिळालं न्हाय, तोंड बघायला मिळालं न्हाय, सोसलं. पण ती चूल सोसत न्हाय."

मी त्यांचा हात धरला. खरखरीत हात, सुईनं टोचलेला. बॉटनी शिकणारी पोरगी मी, मला काय अक्कल. मी आपलं "चाची, चाची" करत राहिले. मग त्या पोरीचंच सांगत बसल्या, तिचं हसणं, बापाच्या दुकानातलं बसणं, सोलापूरला जाणं, आणि शेवटी म्हणाल्या,

"मला फातिहा, तिसऱ्या दिसाची जियारत काय नको आता. ते मी मनातल्या मनात करते, अल्लाला पोचत असंल. मला एक दिवस पायजे. ह्या माणसानं आपल्या तोंडानं म्हणावं की आपल्यात मयत झालीय, आज चूल नको. मग मी मरायला मोकळी."

तेव्हा मला कळलं की चाची आमच्याकडून पुस्तकं कुणासाठी वाचून घेत होत्या. स्वतःसाठी तर होतंच. पण पडद्यापलीकडं सोडलेल्या त्या दोन पायांसाठीही होतं. इतक्या पोरी मेल्या, इतके बाप उशाला बसून रडले, आणि हा माणूस रोज ऐकत होता. पातेल्यातला दालचा त्यांच्या ताटातही जायचा. "आज काय हाय?" विचारायचे. चाची म्हणायच्या, "वरच्या पोरींच्या पुस्तकात मयत झाली." ते "हं" म्हणायचे आणि जेवायचे. त्या "हं"च्या पुढं गाडी कधी गेली नाही.

आमची परीक्षा तोंडावर आली. त्यानंतर आम्ही खोली सोडणार, हे ठरलेलं. चाचींनी एका दुपारी मला मशीनजवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "आज पुस्तक हातात धर, पण त्यातलं वाचू नकोस. तिचं वाच."

"चाची, तिचं कुठं लिहिलंय?"

"मी सांगितलंय की गच्चीत. तेच वाच. पुस्तकातल्यासारखं, सावकाश. नाव तेवढं बदल. खरं नाव घेतलं तर उठून जाईल."

म्हटलं, चाचांनी ओळखलं तर? मला बाहेर काढतील, तुम्हाला मारतील. चाची म्हणाल्या, "मारायचं वय गेलं त्यांचं. तू वाच."

मी पुस्तक उघडलं. कुठलं होतं तेही आठवत नाही, कव्हर पाठमोरंच. टीव्हीचा आवाज कमी झाला. पडद्याखाली पाय आले. मी सुरू केलं. एका गावात रेश्मा नावाची मुलगी होती. ती हसायला लागली की तिच्या आईला म्हणावं लागायचं, हळू, बोळात ऐकू जातंय. ती बापाच्या दुकानात टायरवर बसून अभ्यास करायची आणि गिऱ्हाईक आलं की बापाच्या आधी पान्हा काढून द्यायची. हे चाचींनी मला गच्चीत सांगितलेलं, जसंच्या तसं. पान्ह्याचं आलं तसा टीव्ही पुरता गप्प झाला. मशीनही गप्प. मला माझाच आवाज परका वाटायला लागला.

मग मी तो पोरगा वाचला, सकाळची गाडी वाचली, सोलापूर वाचलं. पान उलटायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. कावीळ आली. मी ते लांबवलं नाही. पुस्तकातल्यासारखी उशाजवळची भाषणं घातली नाहीत, कारण तिच्या उशाजवळ कोण होतं हे चाचींनाही ठाऊक नव्हतं. मग फोन वाचला. पिठातले हात वाचले. "आणि त्या दिवशी तिच्या आईनं भाकरी टाकली, कारण बापाला भूक लागली होती. समोरच्या बाईनं आणलेलं पातेलं दारातून परत गेलं." एवढं म्हणून मी थांबले. पुढं मला काही ठाऊक नव्हतं.

पडदा सरकला. चाचा त्या वेळेला मधल्या खोलीत कधी यायचे नाहीत. भिंतीला धरून उभे राहिले. माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं, ते मधेच कुठंतरी उघडं होतं. मला वाटलं, आता पुस्तक हिसकावतात आणि फाडून टाकतात.

"पुढं?" चाचा म्हणाले.

"संपलं, चाचा."

"असं कसं संपलं? बापाचं काय झालं?"

"ते... लिहिलं न्हाय."

चाचा चाचींकडं बघत होते, चाची मशीनच्या चाकाकडं. मग ते वळले, बैठकीत गेले, चपला घसटत दार उघडून बाहेर पडले. काठी पलंगालाच राहिली.

"गेले," चाची म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. माझ्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी मिटलं आणि मशीनवर ठेवलं. "जाऊ दे गे. लई चांगलं वाचलंस. ह्या माणसाच्या काळजाला दारच न्हाय, तू काय करणार. चल, भाताचा टाइम झाला." त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. काडी ओढल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा.

मी खिडकीत उभी होते, मान खाली घालून. बाहेर मावशींच्या दाराची कडी वाजली म्हणून वर बघितलं. समोरच्या उंबऱ्यापाशी चाचा उभे होते. काठी नाही म्हणून एका हातानं चौकट धरलेली. मावशी दारात आल्या, हात पदराला पुसत.

"वहिनी," चाचा म्हणाले. आवाज बोळभर ऐकू येईल असा, पूर्वी एकदा आला होता तसा. "आज आमच्यात चूल पेटायची न्हाय."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

मावशींना सगळं ठाऊक होतं. पण त्यांनी ते दाखवलं नाही. रीतीप्रमाणं विचारायचं ते विचारलं.

"का ओ भाईजान? काय झालं?"

चाचांनी चौकटीवर डोकं टेकलं. मग म्हणाले, "आमची नसरीन गेली."

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला, आत्ताच कळल्यासारखा. "अगं बाई! कधी?"

"आज," चाचा म्हणाले.

"तुमी घरी जाऊन बसा. म्या आलेच घेऊन." मावशी आत वळल्या.

मी स्वयंपाकघराकडं बघितलं. चाची ओट्यापाशी उभ्या होत्या, पदर तोंडात धरलेला. त्यांनी हात पुढं केला आणि गॅस बंद केला.